ओखामंडळाच्या किनाऱ्यावर: काही दिवस पायी, काही सायकलवर

बडोद्याला समुद्र नाही, असे आपण सहज म्हणून जातो. विश्वामित्रीच्या काठी वाढलेल्या माणसाला समुद्र म्हटला की दमण, दीव किंवा सुट्टीतले कोकण आठवते. परंतु १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्याला स्वतःचा समुद्र होता. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. मेहसाणे, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटक पसरलेले होते, आणि या सगळ्यांपासून दूर, काठेवाडच्या पश्चिम टोकाला, कच्छच्या आखाताच्या तोंडाशी ओखामंडळ होते. द्वारका, बेट (म्हणजे बेट द्वारका) आणि ओखा ही सारी गायकवाडांच्या अमलाखालची गावे. आमच्या आजोबांचे थोरले बंधू तेथील वहिवाटदार कचेरीत कारकून होते, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. तो मुलूख कसा, तिथला किनारा कसा, हे मात्र कोणी कधी सांगितले नाही.

द्वारकेला आपण जातो ते दर्शनाला. जगतमंदिर, नागेश्वर आणि बेट एका दिवसात उरकायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, ही आपली रीत. दर्शनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही; पण या भूमीला भरती-ओहोटीने, मिठाने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने जो आकार दिला आहे तो मोटारीच्या काचेतून दिसत नाही, असे मला आता ठामपणे वाटते. म्हणून यंदा दत्तजयंतीच्या सुमारास आम्ही शिवराजपूरच्या किनाऱ्यामागे तंबूत मुक्काम ठेवला आणि तेथून रोज पायी किंवा सायकलवर निघालो. बरोबर पत्नी, दांडिया बाजारात राहणारा माझा आतेभाऊ (वयाने मोठा, म्हणून आम्हा सर्वांचा दादा) आणि त्याची मुलगी. ही पुतणी महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते, आणि तिच्यामुळे आमच्या चालण्याला डोळे मिळाले.

पौर्णिमेचा काळ मुद्दाम निवडला होता. पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते. ओख्याला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे तीन मीटरचा फरक पडतो. किनारा सपाट असला की तीन मीटर उभे पाणी म्हणजे शेकडो पावले आडवी जमीन उघडी पडते. शिवाय या दिवसांत इथली एक ओहोटी सकाळी उजाडण्याच्या वेळेस येते, त्यामुळे चालायला वाळू मोकळी मिळते.

गुरुवार

सौराष्ट्र मेल बडोद्याला मध्यरात्रीनंतर येते. सायकली लगेज म्हणून नोंदवून, पेडल काढून आणि हँडल आडवे वळवून ब्रेक व्हॅनमध्ये चढवल्या होत्या. दुपारी द्वारकेच्या फलाटावर त्या पुन्हा जोडल्या, चाकांत हवा भरली आणि गावात न शिरता थेट ओख्याच्या रस्त्याला लागलो. शिवराजपूर तेथून बारा किलोमीटर. देवळाकडे पाठ करून निघालो हे पत्नीला रुचले नाही. सोमवारी सगळा दिवस द्वारकेसाठीच राखला आहे असे सांगितल्यावर तिने कळसाला लांबूनच हात जोडले.

गाव संपता संपता रुक्मिणीचे देऊळ लागते. विदर्भातून आलेली ही राणी आपल्या पतीच्या मंदिरापासून दूर, गावाबाहेर, ओसाड माळावर का, याची कथा पुजारी प्रत्येकाला सांगतात. दुर्वासांचा रथ ओढताना रुक्मिणीला तहान लागली, श्रीकृष्णाने पायाच्या अंगठ्याने गंगा वर आणली, आणि ऋषींना विचारण्याआधीच रुक्मिणी पाणी प्यायली. त्यावर शाप असा, की पतीपासून बारा वर्षांचा वियोग आणि या भूमीला गोड्या पाण्याचा दुष्काळ. म्हणून इथे दान मागतात ते पाण्याचे. कथा कोणी कशीही घ्यावी, तिच्यामागचे वास्तव खरे आहे. इथला खडक चुन्याचा आणि सच्छिद्र, पाऊस तुटपुंजा, जवळ जवळ तिन्ही बाजूंनी समुद्र. विहीर जरा खोल नेली की पाणी मचूळ लागते. आता नर्मदेचे पाणी नळाने या टोकापर्यंत येते. आपल्याकडची नर्मदा इथे एवढ्या लांब येऊन पोहोचते, हे त्या देवळासमोर तांब्याभर पाण्याचे दान करताना मनात आले आणि रक्कम जरा वाढवूनच दिली.

पुढचा रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना थोर आणि वेडी बाभूळ. तंबूंची जागा किनाऱ्यापासून थोडी आत, वाळूच्या टेकाडाच्या आडोशाला आहे. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरला तेव्हा पाठीमागून जमिनीवर पूर्ण चंद्र वर आला होता. पत्नीने तंबूतच दत्ताची तसबीर मांडून आरती केली; कॅम्पवरच्या स्वयंपाक्याने प्रसादासाठी गूळ-खोबरे आणून दिले आणि रात्री बाजरीचा रोटला, वांग्याचे भरीत आणि कढी वाढली. रोटल्यावर लोण्याचा गोळा आणि कडेला आमच्या डब्यातली लसणाची चटणी, एवढ्यावर सगळ्यांचे पोट भरले.

शुक्रवार

आजचा दिवस फक्त पायांचा. उजाडायच्या आत बाहेर आलो तर काल रात्री ज्या जागी लाटा ऐकू येत होत्या तेथे ओली वाळू होती आणि समुद्र फार दूर गेला होता. शिवराजपूरचा मुख्य किनारा पांढऱ्या वाळूचा, पाणी निळे आणि उथळ. २०२० साली भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले त्यांत हा एक. त्या मानांकनाच्या पट्ट्यात चालायला वाटा, कपडे बदलण्याच्या खोल्या, जीवरक्षक हे सारे आहे आणि वाळू रोज झाडली जाते. आम्ही मात्र तो पट्टा ओलांडून दक्षिणेला, वरवाळ्याच्या दिशेने चालू लागलो.

पहिल्या अर्ध्या तासात कोणी फारसे बोलले नाही, कारण सगळ्यांच्या नजरा खाली होत्या. ओल्या वाळूवर जागोजागी बारीक बारीक गोळ्यांची नक्षी होती, मधोमध एक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या ओळी, जणू दारोदार कोणी ठिपक्यांची रांगोळी काढून गेले आहे. पुतणीने आम्हाला खाली बसवले आणि हलू नका म्हणाली. दोन-तीन मिनिटांनी भोकातून करंगळीच्या नखाएवढा खेकडा वर आला. तो दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडाशी नेतो, वाळूच्या कणांना चिकटलेले अन्न तेवढे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून पायांनी मागे ढकलतो. एक ओळ चाटून झाली की भोकाकडे परत जाऊन दुसरी सुरू करतो, म्हणून त्या ओळी किरणांसारख्या पसरतात. सावली पडली की तो क्षणात बिळात जातो. पुढच्या भरतीत ही सगळी नक्षी पुसली जाते आणि पाणी उतरताच नव्याने सुरू होते. ओहोटीच्या त्या काही तासांतच त्याला पोट भरून घ्यावे लागते; पुतणी हे सांगत असतानाही त्याचे काम थांबले नव्हते.

वाळू संपून खडक लागला तिथे आमचा वेग आणखी मंदावला. हा चुनखडकाचा सपाट थर आहे. त्यात जुन्या शिंपल्यांचे ठसे स्पष्ट दिसतात, म्हणजे आज आपण ज्याच्यावर उभे आहोत तोच एके काळी समुद्राचा तळ होता. लाटांनी खडकात वाटीएवढे, परातीएवढे खळगे कोरले आहेत आणि ओहोटीच्या वेळी त्यांत पाणी अडकून राहते. अशा एका खळग्यापाशी आम्ही किती वेळ बसलो याचे भान राहिले नाही. पाण्याखाली समुद्रफुले उघडलेली होती, हिरवट-तपकिरी, पाकळ्यांची टोके किंचित गुलाबी. दादाने बोट बुडवले तसे एक फूल चटकन मिटले. पुतणीने त्याला थांबवले: हा प्राणी आहे, पाकळ्या म्हणजे त्याचे हात, आणि मिटायला-उघडायला त्याला श्रम पडतात; आपण शंभर माणसांनी शंभर वेळा बोट लावले तर तो खाणार कधी? दादा वडील असूनही त्याने मुकाट्याने हात मागे घेतला. शेजारीच एक रिकामा शंख चालू लागला. आत आडोसा घेतलेला खेकडा होता. म्हणून आम्ही त्या दिवसापासून शंख वेचणे बंद केले. रिकामा शंख हे इथे कोणाचे तरी घर असते किंवा होणार असते, हे एकदा पाहिल्यावर तो घरच्या कपाटात ठेवण्याची इच्छा उरत नाही.

हा सगळा भाग कच्छच्या आखाताच्या सागरी वैभवाचा शेजार आहे. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८० साली सागरी अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. देशातले ते पहिलेच. प्रवाळ आपल्याला अंदमान-लक्षद्वीपचे वाटतात, पण ते इथे, एवढ्या गढूळ आणि एवढ्या चढउतार होणाऱ्या पाण्यातही टिकून आहेत. पाऊल कुठे टाकतो हे म्हणूनच पाहायला हवे. पुतणीचा नियम असा होता, की ओल्या शेवाळावर आणि जिवंत खडकावर पाय द्यायचा नाही, कोरड्या उंचवट्यावरूनच जायचे. आणि तो आम्ही पाळला.

थोड्या वेळाने पाणी वळले. वळले हे प्रथम कानांना कळते: खडकांच्या फटींतून बारीक बुडबुड आवाज सुरू होतो. त्यानंतर खळगे एकमेकांना जोडले जाऊ लागतात. तिथल्या एका मच्छीमाराने सकाळीच बजावले होते, की पाणी समोरून येताना दिसते पण मागून वळसा घालून अडवते, तेव्हा खडकाच्या टोकावर रेंगाळू नका. आम्ही लगेच किनाऱ्याकडे निघालो आणि परतीची वाट वरच्या कोरड्या वाळूतून काढली.

ही वरची वाट मात्र दुःख देणारी होती. झाडलेल्या पट्ट्याच्या बाहेर भरतीच्या रेषेवर प्लास्टिकच्या बाटल्या, चपला, थर्मोकोलचे तुकडे आणि तुटलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते पडलेले होते. मानांकन पट्ट्याला मिळते, किनारा तर अखंड असतो. शेजारच्या वाळूवरचा कचरा पुढच्या उधाणात पुन्हा पाण्यात जातो. आम्ही दोन पोती भरतील इतक्या जाळ्या उचलून कॅम्पवर आणल्या. त्याने किनारा स्वच्छ झाला असे नाही, पण जाळीत अडकून मरणारे एखादे कासव जरी वाचले तरी श्रम कारणी लागले.

शनिवार

पहाटे चहा आणि डिंकाचा लाडू खाऊन सायकली काढल्या. आज ओखा आणि पुढे बेट. जाऊन येऊन साठेक किलोमीटर. ईशान्येचा गार वारा तोंडावर होता, त्यामुळे सपाट रस्त्यावरही हलक्या गिअरमध्येच चालवावे लागले. दादाने सर्वांत पुढे राहून वारा अंगावर घेतला आणि आम्ही त्याच्या मागे रांगेने. मोजप, भीमराणा अशी गावे मागे पडली आणि मिठापूरची मिठागरे सुरू झाली.

मिठागर पाहायला सायकलीवरून उतरायलाच हवे. समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत उन्हावाऱ्याने आटवतात. घनता वाढत जाते तसा आधी जिप्सम खाली बसतो, आणि पाणी २५ अंश बोमेच्या (बोमे हे द्रवाची घनता मोजण्याचे माप) आसपास आले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. शेवटच्या वाफ्यांतले पाणी तांबूस दिसते, कारण एवढ्या खारटपणात जगणारे सूक्ष्म जीव त्याच रंगाचे असतात; आणि वाफ्यांत उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांना त्यांचा गुलाबी रंग मिळतो तो अशाच खाऱ्या पाण्यातल्या अन्नातून. आम्ही थांबलो तेव्हा शंभराच्या वर रोहित माना खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत होते. इथे पाऊस कमी, ऊन कडक, वारा सततचा आणि शेजारी चुनखडक मुबलक. सोडा बनवायला मीठ आणि चुनखडक हेच दोन मुख्य पदार्थ लागतात, म्हणून १९३९ साली टाटा केमिकल्सचा कारखाना याच ओसाड कोपऱ्यात, बडोदे संस्थानाच्या हद्दीत उभा राहिला. १९८३ पासून घरोघरी पोहोचलेले पुडीतले मीठ इथले. रुक्मिणीच्या देवळात ज्या कोरडेपणाला शाप म्हणतात त्याच कोरडेपणावर मिठापूर पोसले गेले, हे दोन दिवसांच्या अंतराने पाहायला मिळाले.

मिठापूरचा समुद्र आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, आणि तो सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ येतो. एके काळी त्याची इथे तेलासाठी आणि मांसासाठी सर्रास शिकार होत असे. २००१ साली त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले, त्यानंतर गावोगाव मच्छीमारांशी बोलणे झाले, आणि जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क आज हेच मच्छीमार स्वतःचे जाळे कापून सोडून देतात. जाळे महाग असते. त्याची भरपाई मिळण्याची व्यवस्था आहे, पण समुद्रावर, रात्री, हातात सुरी घेऊन निर्णय घ्यायचा असतो तो त्या माणसालाच. म्हणून मला ही या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

सुरजकराडी, आरंभडा मागे टाकून ओख्याला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. ओखा बंदर बडोदे संस्थानाने १९२६ साली सुरू केले. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीचे शाळा, ग्रंथालये, संगीत असे गोडवे आपण नेहमी गातो. राजधानीपासून इतक्या दूर, आखाताच्या तोंडाशी खोल पाणी आहे हे हेरून तिथे बारमाही चालणारे बंदर बांधणे हीही त्याच दृष्टीची गोष्ट होती, पण बडोद्यात तिचा उल्लेख क्वचितच होतो. धक्क्यावर आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. थोरल्या आजोबांनी यातले काय काय पाहिले असेल, हे विचारायला आता घरात कोणी नाही.

बेटावर पूर्वी ओख्याच्या धक्क्यावरून होडीनेच जावे लागे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू सुरू झाला, लांबी २.३२ किलोमीटर, मधला भाग तारांवर तोललेला. दोन्ही बाजूंना पादचाऱ्यांसाठी रुंद वाट आहे, तिच्या कडेला गीतेतील श्लोक आणि कृष्णचित्रे लावली आहेत आणि वर सौरपट्ट्या. आम्ही सायकली हाताने ढकलत त्या वाटेने गेलो, आणि हाच शहाणपणा ठरला, कारण या पुलावर पाहण्यासारखे जे आहे ते खाली आहे. भरतीचे पाणी खाडीत जोराने शिरत होते. खांबांपाशी भोवरे पडत होते, आणि वाट दाखवणारा लाल पिंप प्रवाहाच्या ओढीने इतका कलला होता की त्याचा तळ दिसावा. होडीवाले याच ओढीचा हिशेब करून नाव तिरकी हाकत असत, असे पुलावर भेटलेल्या बेटावरच्या एका गृहस्थाने सांगितले. त्यांचे म्हणणे असे, की पुलाने आजारी माणसाची रात्रीची सोय झाली ही मोठीच गोष्ट. होडीवाल्यांचा धंदा मात्र बसला. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच शांत सुरात सांगितल्या.

बेटाचे जुने नाव शंखोद्धार. इथे शंख विपुल मिळत आणि त्यांची कारागिरी फार प्राचीन काळापासून चाले. उत्खननात उत्तर हडप्पा काळातली तीन डोक्यांच्या प्राण्याची शंखमुद्रा सापडली आहे, आणि आसपासच्या समुद्रतळावर तीन भोकांचे दगडी नांगर. द्वारकाधीशाचे मंदिर दुपारी बंद असते, म्हणून आम्ही आधी पूर्वेकडे हनुमान दांडीपर्यंत सायकली नेल्या. तिथे हनुमान आणि त्याचा पुत्र मकरध्वज हे एकाच गाभाऱ्यात आहेत. वाट वाळूची, चाके रुतत होती, पण कडेच्या खाडीत तिवरांची झाडे आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या पाहून कोणाची कुरकुर राहिली नाही.

परतताना एका टपरीवर चहाला थांबलो. तिथे बसलेल्या, ओखामंडळातल्या वाघेर समाजाच्या एका वृद्ध गृहस्थांनी कुठून आलात असे विचारले. बडोद्याहून, असे सांगताच ते म्हणाले, “म्हणजे गायकवाड सरकारचे.” आवाजात राग नव्हता, पण ओळख जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारने ओखामंडळ गायकवाडांकडे सोपवले. वाघेरांना ते राज्य कधीच आपले वाटले नाही. १८५७ च्या पाठोपाठ जोधा माणेक आणि मुळू माणेक यांच्या नेतृत्वाखाली ते उठले, द्वारका आणि बेट त्यांनी ताब्यात घेतले, आणि १८५९ साली इंग्रजांनी समुद्रातून तोफा डागून दोन्ही ठिकाणे परत घेतली. त्या मारगिरीत देवळांचेही नुकसान झाले. टपरीवरचे ते आजोबा हे सगळे असे सांगत होते, की जोधा माणेक त्यांच्याच ओसरीवर बसून गेला असावा. दादाने, जो एरवी गायकवाडीचा मोठा अभिमानी, एकही वाक्य मध्ये घातले नाही. सरकारी दप्तरात ज्यांना बंडखोर म्हटले गेले त्यांची बाजू त्यांच्या नातवंडांच्या तोंडून ऐकावी, यासाठी बडोद्याच्या माणसाने इथे यावे असे मला वाटते. चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

धक्क्याजवळ पर्यटक पाणपक्ष्यांना गाठिया फेकत होते आणि फोटो काढत होते. पुतणीने दोन मुलांना जवळ बोलावून तळलेले, खारट पीठ त्या पक्ष्यांच्या पोटाला कसे अपायकारक आहे हे गुजरातीत समजावले. मुलांनी पुडी खिशात ठेवली. वारा आता पश्चिमेकडून, उजव्या अंगाला लागत होता. कॅम्पवर अंधार पडल्यावर पोहोचलो.

रविवार

आतला फेरा: नागेश्वर आणि गोपी तलाव. नागेश्वराला गर्दी होती. औंढ्याचा नागनाथ हेच खरे नागेश ज्योतिर्लिंग, असे आपण मराठी माणसे मानतो, आणि इथले लोक इथले मानतात. पत्नीने दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने डोके टेकले आहे.

गोपी तलावाची माती पिवळसर, गुळगुळीत, हातावर चोळली तर पिठासारखी मऊ. हेच गोपीचंदन. आषाढीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या कपाळी जो टिळा दिसतो त्याची ही खाण, हे तळ्याकाठी वड्या विकणाऱ्या बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी पंढरपूर कुठे आले असे विचारले. विठ्ठल हा रुसलेल्या रुक्मिणीच्या शोधात द्वारकेहूनच आलेला देव, असे आमच्याकडे मानतात, हे ऐकून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी एक वडी जास्तीची दिली.

परतीच्या वाटेवर वेड्या बाभळीच्या काट्याने पत्नीच्या सायकलचे मागचे चाक बसले. या भागात सायकल चालवणाऱ्याने हे गृहीतच धरावे. ही विदेशी बाभूळ खारवट जमीन थोपवण्यासाठी लावली गेली आणि आता सगळीकडे पसरली आहे. तिचा वाळलेला काटा टायरमधून आरपार जातो. भोक शोधायला बादलीभर पाणी नव्हते, म्हणून दादाने ट्यूब फुगवून गालाजवळून हळूहळू फिरवली आणि हवेची बारीक झुळूक लागली तिथे खूण केली. काचपेपर घासला, सोल्युशन लावले, ते वाळेपर्यंत थांबून मग ठिगळ दाबले. त्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचे मोडलेले टोक काढायला तो विसरला नाही. ते राहिले असते तर शंभर पावलांवर पुन्हा तेच झाले असते.

सोमवार

तंबू सोडून सामानासह द्वारकेला आलो. रूपेण बंदरावर मासे उतरवण्याची घाई चालू होती. भडकेश्वर महादेवाचे देऊळ समुद्रातल्या खडकावर आहे, भरतीला वाट पाण्याखाली जाते; ओहोटीची वेळ आता आम्हाला पाठ झाली होती, म्हणून पाय न भिजवता जाऊन आलो.

जगतमंदिर पाच मजली, बहात्तर खांबांवर उभे. १८५९ च्या चकमकीत शिखराची हानी झाली होती, तिची दुरुस्ती १८६१ साली खंडेराव महाराज गायकवाड यांच्या काळात झाली. टपरीवरच्या आजोबांचे बोलणे ऐकून आल्यावर त्या शिखराकडे पाहताना ही दोन सालेच मनात होती. ध्वज बदलण्याचा सोहळा पाहिला, छप्पन्न पायऱ्या उतरून गोमतीवर गेलो. १९६३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मंदिराशेजारी पहिले शास्त्रशुद्ध उत्खनन केले, आणि १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली पाणबुड्यांनी गोमतीच्या मुखापुढे समुद्राच्या तळाचा शोध घेतला. तिथे सापडलेल्या दगडी नांगरांवरून एवढे निश्चित दिसते, की हे फार जुने, गजबजलेले बंदर होते.

ओखामढीचा किनारा या वेळी राहिला. द्वारकेच्या दक्षिणेला असलेल्या या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात आणि वनखाते ती कुंपणात जपून पिले समुद्रात सोडते. पुतणीला तिथे राहायचे आहे, आणि त्यासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागेल.

कोणाला हा प्रवास करायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पंचांगात पौर्णिमा किंवा अमावास्या पाहून मुक्काम ठरवावा, म्हणजे सकाळची ओहोटी मिळते. प्रत्येकाने दोन जादा ट्यूब आणि ठिगळाचे सामान घ्यावे, दिवसाला माणशी तीन लिटर पाणी सायकलीवर ठेवावे, आणि खडकांवर चालण्यासाठी जाड तळव्याचे, पाण्यात भिजले तरी चालतील असे बूट घ्यावेत. सायकली रेल्वेने पाठवताना पार्सल कचेरीत गाडीच्या पुष्कळ आधी जावे, चेनवर फडके बांधावे आणि पावती सायकलीच्या नळीला नव्हे, स्वतःच्या खिशात ठेवावी.